एआय आल्यावर सेवा केंद्रात कोण येणार?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. सोनपेठ तालुक्यातलं गाव, तुमचं बी.कॉम. झालेलं, सासरची रस्त्याला लागून असलेली एक खोली रिकामी. तिथं सेवा केंद्र टाकायचा विचार आहे. कॉम्प्युटर, प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, इन्व्हर्टर असं सगळं धरून खर्च लाखाच्या पुढं जातोय. सासरे म्हणतात, गावात कागदाशिवाय पान हलत नाही, बिनधास्त टाक. दीर पुण्यात कंपनीत आहेत. ते म्हणतात, आता एआय आलंय, सरकार व्हॉट्सअॅपवरच दाखले देणार, दोन वर्षांत तुमच्या केंद्राकडं कुणी फिरकणार नाही. आणि तुम्ही विचारताय, कुणाचं ऐकू?

मी बीड जिल्ह्यात, केजकडं हेच काम करतो. ग्रामपंचायतीत दाखले देणारी संग्राम नावाची कॉम्प्युटर केंद्रं निघाली त्या काळात कॉम्प्युटरपुढं बसलो. पुढं त्याचं राज्य सरकारचं आपले सरकार सेवा केंद्र झालं, सीएससीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉमन सर्व्हिस सेंटरचा आयडी घेतला, आणि अजून त्याच कामात आहे. त्यामुळं लिहितोय ते काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलेलं आहे.

दीर सांगतात ती बातमी खोटी नाही. 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सअॅपवर द्यायच्या म्हणून राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये मेटा कंपनीशी करार केला. शेतीत एआय वापरायचं धोरण त्याच वर्षी जूनमध्ये मंजूर झालं, शेतकऱ्यांना सल्ला देणारं महाविस्तार अॅपही आलंय. हे सगळं होणार, काही झालंही. पण दीर ज्या माणसाला डोळ्यापुढं ठेवून बोलतायत, त्याच्याकडं स्वतःचा मोबाईल आहे, नंबर पाच वर्षं तोच आहे, तो आधारला जोडलेला आहे, नाव सगळ्या कागदांवर एकसारखं आहे आणि बोटाचे ठसे स्पष्ट आहेत. असा माणूस तुमच्या गावात हुडकून बघा. सापडेल, पण तो बहुतेक पुण्यात असेल.

तुमचा प्रश्न मला जरा वेगळा दिसतो. केंद्र चालेल का यापेक्षा, सोपं काम मशीन करायला लागल्यावर अवघड कामाचे पैसे मला कोण देणार, हा तो प्रश्न आहे. गर्दी राहणार याबद्दल मला शंका नाही. काळजी आहे ती गल्ल्याची.

काही गोष्टी तुमच्या गावावर अवलंबून आहेत, त्या तुम्हीच तपासायच्या. गावची लोकसंख्या किती, आधीची केंद्रं किती, त्यांतली खरंच उघडी किती. बँकेची शाखा गावात आहे की सोनपेठला जावं लागतं. खोलीत रेंज कशी आहे. आणि गावातली किती कुटुंबं दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीला जातात. शेवटचं का विचारतोय ते पुढं येईल.

आता गेल्या काही वर्षांत या टेबलावरून काय गेलं आणि काय आलं ते सांगतो, कारण पुढचा अंदाज त्यातूनच बांधता येतो.

एके काळी दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता आमच्याकडं पाय ठेवायला जागा नसायची. प्रिंट काढायची, दहा रुपये घ्यायचे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं, आणि ती गर्दी बघता बघता आटली. लाईटबिल गेलं, रिचार्ज गेलं, रेल्वेचं तिकीट गेलं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत कुणालाही घरी काढता येतो, तेही निम्मं गेलं. हे सगळं काम एका जातीचं होतं. नंबर टाका, बटण दाबा, कागद घ्या. त्यात अडायला काही नव्हतं, म्हणूनच ते मोबाईलवर जाऊ शकलं. दिरांचं म्हणणं इथपर्यंत सोळा आणे बरोबर.

पण त्याच काळात जे काम वाढलं ते बघा. पीएम किसानची केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी. आधारला बँक खातं जोडणं. रेशनकार्डात नाव चढवणं-उतरवणं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती आणि ठिबक-ट्रॅक्टरचे अर्ज. फार्मर आयडी. लाडकी बहीण. पीकविमा. निवृत्तीवाल्यांचे हयातीचे दाखले. यातलं एकही काम संग्रामच्या काळात आमच्याकडं नव्हतं. प्रत्येक योजना आली ती 'घरबसल्या अर्ज करा' म्हणत आली, आणि पहिल्याच आठवड्यात लोक कागदांच्या पिशव्या घेऊन केंद्रावर आले.

यात लोकांच्या अडाणीपणाचा दोष नाही, हे मी ठामपणे सांगतो. आमच्याकडची बाई पोराच्या मोबाईलवर यूट्यूब सफाईनं चालवते. अडतं ते दुसरीकडंच.

लाडकी बहीण योजनेचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात आधी बाईच्या आधारचा ओटीपी आणि मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला जायचा. कागदावर किती साधं दिसतं. आता एक विधवा बाई समोर बसलीय, वडील वारून कैक वर्षं झालीत, ती कुणाचा ओटीपी देणार? दुसरीचा नवरा सांगली भागात तोडीला, त्याच्या आधारला जोडलेलं सिमकार्ड रिचार्ज न मारल्यामुळं कधीच बंद पडलेलं. तिसरी नवऱ्यापासून वेगळी राहते, ती म्हणाली, "भाऊ, त्याला फोन लावायचा म्हंजे आधी त्याला पैशातला वाटा कबूल करायचा." या तिघींपैकी एकीलाही मोबाईल चालवता येत नव्हता असं नाही. पुढं शासनालाही मुदत वाढवावी लागली आणि अशा बायकांसाठी वेगळी सोय करावी लागली. तोवर त्या बायका कुठं गेल्या? व्हॉट्सअॅपला विचारायला नाही गेल्या. केंद्रावर येऊन बसल्या.

योजना आखणाऱ्याच्या डोळ्यापुढं एक घर असतं. त्यात नवरा, बायको, दोघांचे दोन मोबाईल. त्या घरासाठी फॉर्म तयार होतो. मग खरी घरं त्या फॉर्मसमोर येऊन उभी राहतात, आणि फॉर्म काही बदलत नाही, घरालाच स्वतःला त्यात बसवून घ्यावं लागतं. माणसं फॉर्मसाठी रेशनकार्ड फोडतात, नाव बदलून घेतात, नवीन सिम घेतात. तंत्रज्ञानानं समाज बदलतो म्हणतात ना, तो मला तरी असा बदलताना दिसतो.

ऊसतोडीचं विचारलं ते याच्यासाठी. तोडीहून माणसं मार्च-एप्रिलात परततात आणि पहिलं काम म्हणजे रेशन, बँक, केवायसी. पाच-सहा महिने कोयता चालवलेला आणि मोळ्या वाहिलेला हात मशीनला ओळखू येत नाही. अंगठ्यावर घट्टे, कडेला चिरा, मधल्या रेषा घासून सपाट. मशीनचा लाल दिवा लागतो, पडद्यावर 'पुन्हा प्रयत्न करा' येतं. मग आपला कारभार सुरू होतो. ओल्या फडक्यानं काच पुसायची, बोट धुवून कोरडं करायचं, किंचित व्हॅसलीन चोळायचं, अंगठा सोडून करंगळीशेजारचं बोट लावायचं, कारण ते कामात कमी घासतं. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. लोक घाबरून जोरात दाबतात आणि ठसा आणखी पसरतो. तरी जमलं नाही तर डोळ्याचं मशीन, नाहीतर जिथं चेहऱ्याची सोय आहे तिथं अॅपवर चेहरा. पीएम किसानच्या अॅपमध्ये २०२३ पासून चेहऱ्यानं केवायसी होते, म्हाताऱ्या माणसांचे फार हाल वाचले. काहींना मी सरळ सांगतो, महिनाभर घरी थांबलाव तर बोटं निवतील, मग या. आणि खरंच, मे महिन्यात त्याच बोटावर हिरवा दिवा लागतो.

हे काम शिकवणारी कुठलीही पुस्तिका नाही. आणि याचा दर कुठल्याही फलकावर नाही. हिरवा दिवा लागला तर केवायसीचे ठरलेले पैसे मिळतात, तासभर खपून लाल दिवाच राहिला तर काय घेणार? घेऊही नये. तुमचा हिशेब इथं बिघडतो, म्हणून हे सांगतोय.

मध्यस्थ काढून टाकायला आलेलं तंत्रज्ञान मध्यस्थ काढत नाही, त्याची खुर्ची हलवतं, याचा सगळ्यात स्वच्छ नमुना म्हणजे ई-पीक पाहणी. पूर्वी सातबाऱ्यावर पीक तलाठी लावायचा. घरी बसून लावतो, ओळखीनं लावतो, अशी तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं, असं आलं. कल्पना चांगलीच होती. पण शेतात रेंज नाही, फोन साधा, जमीन सामाईक आणि गट नंबर चौघांच्या नावावर. मग गावातली चार पोरं तयार झाली, शेतकऱ्याला गाडीवर मागं बसवून शेतात जायचं, फोटो काढायचा, पैसे घ्यायचे. पुढं शासनानंच गावोगाव सहायक नेमले, राहिलेली पाहणी पूर्ण करायला. म्हणजे तलाठ्याचं काम शेतकऱ्याकडं गेलं, शेतकऱ्याकडून पोरांकडं आणि पोरांकडून सहायकाकडं. एक गोष्ट मात्र खरंच बदलली, आणि ती लहान नाही. आता नोंदीला फोटो आणि जागेचा पुरावा असतो, त्यामुळं वाद झाला तर बोट ठेवायला काहीतरी असतं. मी या अॅपच्या विरोधात नाही. फक्त 'शेतकरी स्वतः करेल' हे वाक्य वाचलं की मला त्या गाडीवरची पोरं दिसतात.

ही काही आजची गोष्ट नाही. १९९८ मध्ये कोल्हापूरकडं वारणानगर परिसरातल्या सत्तरेक गावांत कॉम्प्युटर बसवायचा मोठा प्रकल्प झाला होता, पार पंतप्रधान कार्यालयाच्या पातळीवरून. शेतकरी त्यावर बाजारभाव बघेल, हवामान बघेल, पिकाचा सल्ला घेईल, असं चित्र होतं. काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन बघितलं तर लोक ते कॉम्प्युटर मुख्यतः आपल्या उसाचं वजन किती भरलं आणि कारखान्याकडं बिल किती निघतं ते बघायला वापरत होते. मग तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून बघितलं, कितीतरी कमी खर्चात झालं. माझ्या मते तो प्रकल्प फसला असं म्हणणं चूक आहे. लोकांना काय हवं होतं ते त्यातून कळलं. त्यांना ज्ञान नको होतं असं नाही, पण काट्यावर मारलं जाणारं वजन जास्त नडत होतं. तुम्हीही केंद्र टाकलंत तर दारावर 'डिजिटल इंडिया'ची मोठी पाटी लावण्याआधी गावात काय नडतंय ते बघा.

आपल्या मराठवाड्याची एक खास गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, जन्ममृत्यूची गाव नमुना १४ ची रजिस्टरं, असे कागद कपाटांतून, रेकॉर्ड रूममधून बाहेर निघाले, स्कॅन झाले आणि जिल्ह्यांच्या वेबसाइटवर चढले. आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, त्यामुळं त्यात मोडी होती, उर्दू होती. लोक केंद्रावर यायचे, "आमचं गाव उघडा." गाव उघडायचं, पन्नास-साठ पानांची पीडीएफ उघडायची. आणि पुढं? ती छायाचित्रं होती, त्यात नाव टाकून शोधता येत नव्हतं. शोधता आलं असतं तरी वाचणार कोण? ज्या मोडी वाचकांना कित्येक वर्षं कुणी चहा विचारला नव्हता, त्यांच्या घरापुढं गाड्या लागायला लागल्या.

आरक्षणाच्या वादात मी इथं शिरत नाही, माझ्याकडं दोन्ही बाजूंची गिऱ्हाइकं येतात आणि दोघांनाही मी तेच पान उघडून देतो. मुद्दा एवढाच, की शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी कारकुनानं एका रकान्यात घाईत लिहिलेला शब्द, तो स्कॅन होऊन मोबाईलवर आला म्हणून आज एखाद्या पोराच्या कॉलेजचा प्रवेश ठरतो. कागद कपाटात असताना त्यात ही ताकद नव्हती. आणि मोबाईलवर आल्यावरही तो वाचणारा, वंशावळ जुळवून देणारा माणूस लागलाच. वंशावळ जुळवायला खापरपणजोबाचं नाव लागतं, ते कुठल्या सर्व्हरवर नाही, भावकीतल्या एखाद्या म्हातारीच्या तोंडी आहे.

आता एआयकडं येतो, कारण दिरांचा खरा भर त्यावर आहे.

मी ते वापरतो, रोज वापरतो. तहसीलदारांच्या नावानं तक्रार अर्ज, माहिती अधिकाराचा अर्ज, बँकेला पत्र, हे पूर्वी मी तासभर लावून टाईप करायचो, आता माणूस समोर बसून सांगतो, मी मोबाईलवर बोलतो, दहा मिनिटांत मसुदा तयार. इंग्रजीत आलेली नोटीस मराठीत समजावून घ्यायला तर फारच उपयोगी. मूळ कागद शेजारी ठेवून तारखा आणि आकडे मात्र मी स्वतः ताडून बघतो. आवाजावरून टाईप होतं तेही बरं आहे, पण आमच्या आजीबाई "कवाचं हेलपाटे घालायलेव" म्हणाल्या की त्याचं काहीच्या बाही करून ठेवतं. ते मी आधी स्वतः साध्या मराठीत सांगतो आणि मग टाईप होतं. तिथंही एक मधला माणूस आलाच बघा.

घोटाळा दुसरीकडं आहे. एक कॉलेजचा पोरगा मोबाईल नाचवत आला, "काका, पीकविमा एक रुपयात भरायचाय, एआयनं सांगितलंय." एक रुपयातला विमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला होता आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता शेतकऱ्याला खरिपात विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत भरावं लागतं. पोराला मिळालेलं उत्तर सुंदर मराठीत होतं, मुद्देसूद होतं, आणि जुनं होतं. आपल्याकडं नियम शासन निर्णयानं बदलतो, कधी परिपत्रकानं, कधी नुसत्या व्हिडिओ बैठकीत दिलेल्या तोंडी सूचनेनं. पोर्टलवर एक रकाना गुपचूप सक्तीचा होतो आणि कुठंही लिहिलेलं नसतं. ते कळतं फक्त त्या दिवशी सकाळी फॉर्म भरणाऱ्याला. एआय पुढं सुधारेल, मराठी आणखी चांगली बोलेल. पण जे कुठं लिहिलेलंच नाही ते त्याला कोण सांगणार?

तरी दिरांच्या बाजूनं एक गोष्ट बोलायलाच हवी. उत्पन्न, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर अशा दाखल्यांचे सरळ अर्ज हळूहळू मोबाईलवर जातील. शिकलेली पोरं स्वतः भरतील, आणि भरलेच पाहिजेत. त्या अर्जांवर केंद्राचा हिशेब बांधू नका.

आणि सरकारी कामाच्या पैशावर तर मुळीच विसंबू नका. दोन उदाहरणं देतो. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणचे अर्ज सुरू झाले, यशस्वी अर्जामागं ५० रुपये ठरले होते. लोकांनी रात्री दोनपर्यंत बसून फॉर्म भरले, कारण सर्व्हर रात्रीच चालायचा. सप्टेंबरमध्ये निर्णय आला, यापुढं अर्ज फक्त अंगणवाडी सेविका घेतील. एका दिवसात काम बंद. पीकविम्याचंही तसंच. एक रुपयाच्या काळात केंद्राला प्रत्येक अर्जामागं विमा कंपनीकडून ४० रुपये मिळायचे, शेतकऱ्याकडून रुपयाच घ्यायचा. जुलै महिना म्हणजे आमची सुगी. काही केंद्रांनी दुसऱ्याच्या, अगदी सरकारी आणि गायरान जमिनीवरसुद्धा विमे उतरवले, बीड-परभणीचं नाव पेपरात आलं, आयडी बंद झाले, गुन्हे दाखल झाले. आणि शेवटी योजनाच बदलली. ज्यांनी फक्त जुलैच्या भरवशावर कर्ज काढून मशीन घेतली होती, त्यातली बरीच आता मोबाईल रिपेअरिंग करतायत.

मग पैसा येतो कुठून? माझ्याकडं निम्म्याहून जास्त उत्पन्न अशा कामांतून येतं ज्याला लोक 'सेवा' म्हणतच नाहीत. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, आधारवर पैसे काढून देणं, टाईपिंग. बँक दूर असेल तर अंगठ्यावर पैसे काढून देणं हे गावातलं सगळ्यात टिकाऊ काम आहे. कमिशन थोडं असतं, पण पैसे काढायला आलेला माणूस पासबुक दाखवतो, पासबुकात अनुदान आलेलं नसतं, मग का आलं नाही ते बघतो, आणि तिथून एक सरळ काम निघतं. अडलेल्या अर्जाची त्रुटी शोधून दुरुस्त करून देण्याचे मी वेगळे पैसे घेतो, आधी सांगून घेतो, आणि काम झालं तरच घेतो. शासकीय शुल्काची पावती वेगळी, माझ्या टाईपिंगचं वेगळं. हे दोन कधीही एकत्र करू नका. ठरलेल्या दरापेक्षा जास्त घेतल्याची एक तक्रार तहसीलला गेली की केंद्र जातं.

तुमच्याकडं एक गोष्ट अशी आहे जी माझ्याकडं नाही, आणि ती तुम्ही प्रश्नात कुठंच लिहिलेली नाही. तुम्ही बाई आहात. बायकांच्या योजना वाढल्यात, पैसे थेट बायकांच्या खात्यावर येतायत. माझ्यासमोर बसून एखादी बाई सांगत नाही की एटीएम कार्ड नवऱ्याकडं आहे आणि पिन त्यालाच माहीत आहे. माझ्या काउंटरवर ती नवऱ्याला किंवा पोराला घेऊन येते, आणि मग खात्यात किती जमा झालं ते तिच्याआधी तो बघतो. तुमच्याकडं ती एकटी येईल. हा फरक पोर्टलला दिसत नाही, पण गावात फार मोठा आहे. सासूबाईंनाही दुपारच्या वेळी तिथं बसवा, बायका मोकळ्या बोलतील.

त्याचबरोबर जबाबदारीही येते. गावाचे आधार, पासबुकं, फोटो, सगळं तुमच्या कॉम्प्युटरवर जमा होणार. डेस्कटॉपवर 'आधार' नावाचं फोल्डर करून शेकडो कार्डं साठवलेली केंद्रं मी बघितली आहेत. काम झालं की फाईल पुसायची, झेरॉक्स परत द्यायची, कुणाचाही ओटीपी काउंटरवर मोठ्यानं बोलायला लावायचा नाही. वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झालाय, पण कायदा सोडा, गावातला विश्वास एकदा गेला की परत येत नाही. आणि लोक 'पीएम किसान' किंवा 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाईल, म्हणजे मोबाईलमध्ये अॅप घुसवणारी फाईल, व्हॉट्सअॅपवर आली की विचारायला तुमच्याकडंच येणार. उघडू नका म्हणून सांगायचं. कुणी आधीच उघडून पैसे गेले असतील तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावून द्यायचा. याचे पैसे घेऊ नका.

तर माझा सल्ला असा. केंद्र टाका, पण लाखाच्या वर जाऊन एकदम टाकू नका, आणि फक्त केंद्र म्हणून टाकू नका. झेरॉक्स-स्टेशनरी आधी, बँकिंग नंतर, दाखले त्याच्यावर. सीएससीचा आयडी आणि आपले सरकार सेवा केंद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बरेच जण गल्लत करतात. सीएससीची नोंदणी केंद्र सरकारच्या पोर्टलवर होते, त्याला आधी टीईसी, म्हणजे केंद्र चालवणाऱ्यांच्या कोर्सची ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. आपले सरकारसाठी जिल्हाधिकारी कार्यालय जाहिरात काढतं, गावनिहाय रिक्त जागा त्यात असतात. परभणीच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा. "ताई, माझा आयडी आहे, महिन्याला भाडं द्या आणि चालवा" म्हणणारे भेटतील. ते घेऊ नका, उद्या त्या आयडीवर काही भानगड निघाली तर खुर्चीवर तुम्ही सापडाल.

पैसे घालण्याआधी आठ-दहा दिवस सोनपेठला तहसीलच्या बाहेर जाऊन बसा. आत कोण जातंय यापेक्षा कोण परत येतंय ते बघा, आणि हातातला कागद कशासाठी परत आला ते विचारा. नावात फरक, उत्पन्नाचा जुना दाखला, फेरफार प्रलंबित, आधार खात्याला जोडलेलं नाही. त्यातली जी कारणं पुन्हा पुन्हा ऐकू येतील, ती दुरुस्त कशी होतात ते आधी शिकून घ्या.

आणि तुमच्या खर्चाच्या यादीत लेझर प्रिंटर दिसला. तो आत्ता घेऊ नका. घरगुती इन्व्हर्टरला तो झेपत नाही, लाईट गेली की काम ठप्प, आणि लोडशेडिंग तुम्हाला मी काय सांगायचं. इंक टँकचा घ्या, स्कॅनर त्यातच येतो. वाचलेल्या पैशात चांगली बॅटरी आणि दुसऱ्या कंपनीचं एक सिम घेऊन ठेवा, एकाची रेंज गेली तर दुसऱ्यावर चालेल.